जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह मालट्रकची अल्पखर्चातील दुरुस्ती : पनागर परिसराच्या संदर्भात

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या महामार्गावरील पनागर हा भाग हवेली पद्धतीच्या शेतीसाठी ओळखला जातो. पावसाळ्यात बांधबंदिस्त शेतांत पाणी साठवायचे व पावसाळा सरल्यावर ते सोडून देऊन ओलाव्यावर गहू, हरभरा घ्यायचा, ही येथील जुनी रीत होय. अलीकडे हिरव्या वाटाण्याने या पट्ट्यात महत्त्वाचे स्थान मिळविले आहे. तोडलेला वाटाणा ढिगात तापतो व त्याची गोडी झपाट्याने उतरते, म्हणून तो त्याच दिवशी बाजारात पोहोचणे आवश्यक असते. मात्र शेतरस्त्यावरील ओल्या काळ्या मातीत साधा मालवाहू टेम्पो रुतून बसतो. विदर्भातील काळ्या जमिनीच्या शेतकऱ्यांनाही ही अडचण अपरिचित नाही.

जबलपूरमध्ये चारही चाकांना गती देणाऱ्या जुन्या गाड्यांचा विचार होणे स्वाभाविक आहे. येथील व्हेईकल फॅक्टरी १९६९ मध्ये स्थापन झाली आणि शक्तिमान ट्रक, निसान वन-टन व जोंगा ही लष्करी वाहने याच शहरात तयार झाली. ‘जोंगा’ हे नावच मुळी जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या शब्दांच्या आद्याक्षरांवरून आले आहे. निसान वन-टन व जोंगा यांना ३,९५६ घन सेंटिमीटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असते. ते दणकट असले तरी पेट्रोल फार पिते. वर्षाकाठी फार थोडे दिवस, पण नेमक्या अडचणीच्या दिवशी गाडी हवी असेल, तरच हा व्यवहार परवडतो. रोजच्या वाहतुकीसाठी ती घेऊ नये.

खरेदीपूर्वी कागदपत्रे पाहावीत. लिलावातील वाहन वापरासाठी विकले आहे की भंगार म्हणून, हे विक्रीपत्रावरून स्पष्ट होते. भंगार म्हणून घेतलेली गाडी रस्त्यावर आणण्याचे स्वप्न महागात पडते. पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन बसवायचे झाल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. पन्नास वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येते, पण अशी गाडी नित्य वापरात किंवा मालवाहतुकीत चालवता येत नाही. शेतकऱ्याला त्या नोंदीचा उपयोग नाही.

खर्चाचा क्रम

रंगकामाने सुरुवात करण्याचा मोह आवरावा. पैसा प्रथम चासी, मग ब्रेक, मग सुकाणू यंत्रणा व टायर आणि त्यानंतर इंजिन या क्रमाने खर्च करावा. पाट्यांच्या आधाराजवळ चासी हातोडीने ठोकून पाहावी. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, किंवा गंजाचे पापुद्रे सुटू लागले, तर तेथेच व्यवहार थांबविणे शहाणपणाचे. चासी सडलेली असेल तर बाकीचा सर्व खर्च पाण्यात जातो. शिल्लक रकमेपैकी तिसरा हिस्सा राखून ठेवावा, कारण जुनी गाडी उघडल्यावर काहीतरी नवे निघतेच.

अशा जुन्या गाड्यांत अनेकदा ब्रेकची एकच तेलवाहिनी सर्व चाकांना जाते. एका ठिकाणी गळती झाली की चारही ब्रेक जातात. म्हणून व्हील सिलिंडरचे रबर व लवचीक नळ्या जुन्या ठेवून काटकसर करू नये. ब्रेक तेल हवेतील ओलावा शोषते, ते दर दोन वर्षांनी बदलावे.

ट्रान्स्फर केस व दोन्ही धुऱ्यांमधील तेल काढून तपासावे. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी शिरले आहे. तेलात चुंबक फिरवून पाहावा. बारीक भुकटी चिकटली तर ती सामान्य झीज होय, तुकडे चिकटले तर दाता तुटला आहे. या गाड्यांच्या पुढील व मागील धुऱ्यांमध्ये फरक सामावून घेणारी व्यवस्था नसते. म्हणून चारही टायर एकाच मापाचे व सारख्याच झिजेचे असावेत, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील-ड्राइव्ह कधीही लावू नये. दोनच नवे टायर घेऊन वाचविलेले पैसे पुढे गिअरच्या दुरुस्तीत जातात.

कीटकांनी केलेले बिघाड

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत कुंभारीण माशी कोणत्याही लहान छिद्रात चिखलाची घरटी बांधते. पेट्रोल टाकीची हवेची वाट बुजली तर टाकीत निर्वात तयार होतो, आणि गाडी काही अंतर चालून बंद पडते. थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते. गॅरेजमध्ये अशा वेळी पेट्रोल पंप बदलला जातो व दोष तसाच राहतो. टाकीचे झाकण सैल करून गाडी चालवून पाहावी. दोष नाहीसा झाला तर कारण सापडले. धुऱ्यावरील लहान श्वसनछिद्र बुजणे अधिक घातक आहे. तापलेल्या धुऱ्यात दाब वाढतो, तेल सीलमधून बाहेर पडून ब्रेकच्या अस्तरावर उतरते, आणि ब्रेक ऐन वेळी लागत नाही. ही छिद्रे तारेने साफ करण्यास एक पैसाही लागत नाही.

लाकडी हौद्याच्या फळ्यांना छिद्रे दिसली म्हणून त्या सर्व फेकून देऊ नयेत. मध्य प्रदेशातील सालवनांत साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा मोठा उद्रेक १९९६ नंतरच्या काळात झाला होता. तो कीटक उभ्या किंवा नुकत्याच तोडलेल्या झाडावर जगतो, वाळलेल्या फळीवर नाही. त्याची मोठी, जुनी छिद्रे निरुपद्रवी असतात. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांतून मैद्यासारखी ताजी भुकटी पडत असेल तर मात्र घुणे जिवंत आहेत. अशा फळीवर बोरॅक्स व बोरिक आम्लाचे द्रावण कोरड्या लाकडात मुरवून वर रंग द्यावा, नाहीतर पावसाने ते धुऊन जाते. ज्या हौद्यातून वाटाणा व धान्य जाते, तेथे क्लोरपायरिफॉससारखे कीटकनाशक वापरू नये.

फळ्यांच्या फटींत अडकलेल्या दाण्यांवर सोंडे व कडधान्यावरील भुंगे तग धरतात आणि पुढील हंगामात नव्या मालात शिरतात. दर फेरीनंतर फटी झाडून घ्याव्यात. चासीला चिकटलेल्या चिखलातून गाजरगवताचे बी दूरवर जाते. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या आठवड्यात गाजरगवत जागृती सप्ताह राबविते. गाडी परक्या शेतातून आली की बांधाबाहेर एकाच ठिकाणी धुवावी व तेथे उगवणारी रोपे फुलण्याआधी उपटावीत.

पेट्रोलमधील इथेनॉलबाबतही दक्षता हवी. सध्याच्या वीस टक्के मिश्रणाने जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात, टाकीतील जुना गाळ सुटून कार्बोरेटरमध्ये जातो. नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या बसवाव्यात, गाळणी सुरुवातीस दोनदा बदलावी. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी. टाकीला झाळ देण्याचे काम मात्र घरी करू नये. रिकाम्या टाकीतील वाफेचा स्फोट होतो.

काम पूर्ण झाल्यावर पहिली फेरी पूर्ण भाराची नसावी. अर्ध्या भाराने पाचशे किलोमीटर चालविल्यावर पाट्यांचे यू-बोल्ट व चाकांच्या नट पुन्हा कसाव्यात, धुऱ्यांचे तेल बदलावे आणि ब्रेकचे ड्रम उघडून अस्तर कोरडे आहे की नाही ते पाहावे.