करवतीच्या शेंड्यास तेल

घर्षणाचा धडा आपण वर्गांत सूत्रांनीं शिकतों. आज तोच एका करवतीवर पाहूं.

17 मे 2021 रोजीं तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून उत्तरेस गेलें, तेव्हां आपल्या पालघर जिल्ह्यांत पुष्कळ झाडें उन्मळून पडलीं. वाणगावच्या एखाद्या वाडींत आंब्याचें वा फणसाचें जुनें खोड असें आडवें झालें, कीं मालकापुढें प्रश्न येतो: तें सरपणाच्या भावानें द्यावें, कीं त्याच्या फळ्या पाडाव्या? अवजड ओंडका वखारीपर्यंत नेणें खर्चाचें. अशा वेळीं चौकट लावलेली यांत्रिक करवत झाडापाशींच नेऊन लाकूड चिरतां येतें. (सरकारी परवानगीची विचारपूस आधीं करावी, हें सांगणें न लगे.)

परंतु आडवें तोडणें निराळें आणि उभें चिरणें निराळें. आडवा छेद थोडक्यांत आटोपतो. फळी पाडतांना मात्र सबंध पातें लाकडांत बुडालेलें असतें, आणि तें तसेंच ओंडक्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावें लागतें. साखळीचा वेग सेकंदास सुमारें 20 मीटर. म्हणजे तीन फुटी पात्याभोंवतीं ती एका सेकंदांत नऊ फेरे करते. करवतीस स्वतःचा तेलाचा पंप असतो, पण तो इंजिनाच्या बाजूस. तेथून निघालेलें तेल पात्याच्या पाठीकडील खोबणींतून शेंड्याकडे जातें. वळणावर त्यांतील बरेंचसें बाहेर फेंकलें जातें, उरलेलें बारीक भुसा शोषून घेतो. जी बाजू प्रत्यक्ष लाकूड कापते, तीच कोरडी! मग पातें तापून निळें पडतें, साखळी सैल होते, खोबणीच्या कडा झिजतात. नव्या पात्याची किंमत फळ्यांतून वजा केली, म्हणजे सरपणच बरें होतें असें म्हणण्याची पाळी येते.

बैलगाडीवाला वंगण घाली तें आंसाला, जुवाला नव्हे. त्याच न्यायानें शेंड्यापाशीं निराळें तेल द्यावें.

अर्ध्या लिटरची जाड प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. बुचांत मोटारसायकलच्या टाकीस असते तशी लहान तोटी बसवून बाटली चौकटीच्या शेंड्याकडील बाजूस उलटी बांधावी. तोटीस पेट्रोलची नळी व तिच्या टोकास तांब्याची बारीक नळी जोडावी. शेंड्यास वळसा घालून साखळी जेथें लाकडांत शिरते, त्याच्या किंचित् अलीकडे थेंब पडावा. नळी साखळीस लागतां कामा नये. पात्यास भोंक पाडूं नये. बाटलीच्या वर आलेल्या बुडास मात्र बारीक भोंक हवेंच. तें नसेल तर थोडें तेल गळून प्रवाह थांबेल. कारण आंतील हवेचा दाब कमी होतो व बाहेरची हवा तेलास पेलून धरते. भोंकावर स्पंजाचा तुकडा ठेवावा, म्हणजे भुसा आंत जाणार नाहीं. सलाईनची नळी आयती मिळते म्हणून मोह होतो. पण दाट तेलास तिचें छिद्र अपुरें पडतें.

आतां तेल कोणतें? साखळीसाठीं मिळणारें चिकट तेल उत्तम. शेंगतेल चालेल, परंतु कित्येक आठवडे तसेंच राहिल्यास त्याचा चिकटा होतो. घरचें खोबरेल फुकटांत पडतें खरें. पण तें सुमारें 24 अंशांखालीं गोठूं लागतें, आणि पौषांतल्या पहांटे नळीच बुजेल. इंजिनांतून काढलेलें काळें तेल तर नकोच. त्यांत धातूचा कीस असतो, आणि तें त्वचेस व मातीस अपायकारक आहे.

प्रारंभीं सेकंदास एक थेंब ठेवावा. एक फळी पाडून, इंजिन बंद करून पात्याच्या कडा पाहाव्या: काळसर-निळ्या दिसल्यास तोटी थोडी अधिक उघडावी, फळीवर तेलाचे पट्टे उमटल्यास कमी करावी.

बाटली-नळीची जोडणी मुलांनीं खुशाल करावी. करवत चालविणें हें चष्मा, कानांची झांकणें व हातमोजे घातलेल्या अनुभवी मनुष्याचेंच काम. तोटी इंजिन सुरू करण्यापूर्वीं उघडावी, आणि साखळी पूर्ण थांबल्यावर बंद करावी. तें विसरल्यास जेवणाच्या सुटींत बाटली रिकामी होते, आणि चांगल्या फळीवर डाग राहतो.