जोर आणि मनगट

पहूरच्या एका शाळेच्या पटांगणात दोन मुले बॅडमिंटन खेळत होती. त्यांतील दांडगा मुलगा प्रत्येक फटका जोरात मारी. तरी गुण मात्र किरकोळ मुलासच मिळत. शेवटी दांडगा मुलगा हिरमुसून गुरुजींकडे आला.

गुरुजी म्हणाले, “अरे, सोळा पिसांचे हे फूल जेमतेम पाच ग्रॅम वजनाचे! कितीही जोर लावला, तरी पिसांमुळे त्याचा वेग हवेत लवकर ओसरतो. मैदान ४४ फूट लांब, जाळे मध्यावर ५ फूट उंच. उंच फटक्याने प्रतिस्पर्ध्यास मागे न्यावे, मग हलक्या फटक्याने फूल जाळ्यालगत टाकावे. तो धावत येऊन ते कसेबसे उंच परतवील, तेव्हाच तडाखा हाणावा. खेळाचा आरंभ ठरावीक उंचीखालच्या फटक्यानेच करण्याचा नियम आहे. त्यामुळे केवळ जोरावर पहिलाच गुण मिळत नाही. सांगलीस जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूर येथील स्पर्धा जिंकली. आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. त्यांची ख्याती होती, ती मनगटाच्या लवचिकपणाची.”

मुलगा पुन्हा मैदानात उतरला. ह्या वेळी त्याने हात आवरून फूल अलगद जाळ्यापलीकडे सोडले. प्रतिस्पर्धी धावला, पण तोवर फूल जमिनीवर टेकले होते.