पिल्लू घरी आले आणि झोप गेली

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. अंबरनाथ पूर्वेहून एक बाई दवाखान्यात आल्या. वय चाळीसच्या आसपास, तक्रार डोकेदुखीची. रक्तदाब थोडा वाढलेला होता. झोप कशी लागते, असे विचारताच त्यांना रडू कोसळले. घरात आजारपण नव्हते, भांडण नव्हते. मुलीच्या हट्टाखातर बारा दिवसांपूर्वी दोन महिन्यांचे लॅब्रॅडॉरचे पिल्लू आणले होते, एवढेच. यजमान पहाटेच्या लोकलने मुंबईला जाणार ते रात्री नऊला परतणार. मुलीची शाळा आणि क्लास. वन रूम किचनच्या घरात दिवसभर पिल्लू आणि बाई.

"डॉक्टर, ते कुईकुई करायला लागलं की छातीत धडधडतं. परवा वाटलं, लांब कुठंतरी सोडून यावं. मग माझीच मला भीती वाटली. मुक्या जिवाबद्दल असं मनात येतं, म्हणजे मी वाईट आहे का हो?"

बाई वाईट नव्हत्या. बारा रात्री सलग चार तासही झोपल्या नव्हत्या.

आमच्या लहानपणी कुत्रे अंगणात असे. उरलेली भाकरी खाई, ओसरीवर झोपे आणि त्याला साऱ्या आळीची पोरे मिळून वाढवत. आता उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत सगळीकडे इमारती झाल्या. पिल्लू तिसऱ्या मजल्यावर वाढते आणि आळीचे काम एकट्या माणसावर येऊन पडते. ते माणूस बहुधा घरातली बाईच असते. (बदलापूरच्या उन्हाळ्यात गच्चीखालच्या फ्लॅटमध्ये हस्की पाळणाऱ्यांबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.)

हा त्रास केवळ आपल्याकडचा नाही. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्री पाळणाऱ्यांना प्रश्नावली देऊन त्याचा अभ्यास केला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. पिल्लाच्या काळातील या अवस्थेत त्यांना तीन गोष्टी दिसल्या : चिंता, वैताग आणि थकवा. बाळंतपणानंतर काही स्त्रियांना येणाऱ्या उदासीशी तिचे साम्य आहे. आणखी एक गोष्ट मला फार पटली. काळ जाईल तशी या दिवसांची आठवण सौम्य होत जाते. म्हणून शेजारच्या काकू सांगतात, "आमच्या मोत्यानं कधी त्रास दिलाच नाही." त्यांनाही झाला असेल, त्या विसरल्या आहेत.

पिल्लू रात्री रडते ते हट्टाने नव्हे. आई आणि भावंडांच्या उबेतून ते नुकतेच वेगळे झालेले असते. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला लघवी रात्रभर धरता येत नाही. चावणे तर दुधाचे दात पडून नवे येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत, कमीअधिक चालायचेच. मारून यातले काहीही थांबत नाही, पिल्लू फक्त भित्रे होते.

बाईंना मी झोपेची गोळी दिली नाही. यजमानांना रविवारी बोलावून घेतले आणि पाळ्या ठरवून दिल्या. बाईंनी दहाला झोपायचे, ते थेट साडेचारला उठायचे. तोवर पिल्लाची जबाबदारी यजमानांची. सकाळची लादी शाळेत जाण्याआधी मुलीने पुसायची, हट्ट तिचा होता. पिल्लासाठी अंथरुणाजवळ खोके आणि त्यात जुन्या लुगड्याची घडी. एका कोपऱ्यात वर्तमानपत्र अंथरून ठेवावे. वाचून झाल्यावर हा अंकही चालेल. पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपते, त्या वेळात त्याच्याकडे बघत बसू नये. घरात दुसरे कोणी असेल तेव्हा बाईंनी तासभर तरी बाहेर पडावे, बाजारात जावे, शिवमंदिरापर्यंत चालून यावे. ठेवायचे की द्यायचे, हा निर्णय तीन-चार आठवडे पुरती झोप मिळाल्यावरच घ्यावा.

उठता उठता बाईंनी पदराखालचे हात पुढे केले. दातांचे ओरखडे होते, एका ठिकाणी रक्त आलेले. बारा दिवस त्या मनातल्या मनात रेबीजला घाबरत होत्या आणि पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील म्हणून गप्प होत्या. ती जुनी लस आपल्या देशात २००४ साली बंद झाली. आताची लस दंडात देतात, चार किंवा पाच वेळा, आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. लहान पिल्लाला रेबीज होत नाही, हा समज चुकीचा आहे. त्याची स्वतःची लसही साधारण तिसऱ्या महिन्यात होते. दात लागून ओरखडा उठला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळे औषधही द्यावे लागते. पिल्लू दहा दिवस ठणठणीत राहते का ते पाहावे, पण त्यासाठी लस लांबवू नये. बाईंची लस त्याच दिवशी सुरू केली. त्यांच्या छातीतली निम्मी धडधड या भीतीचीच होती, असे माझे मत आहे.

पुरेशी झोप मिळूनही दोन आठवडे मन उदास राहिले, जेवण जाईना, कशातच रस वाटेना, तर दोष पिल्लावर ढकलू नये. तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. जीव नकोसा झाल्याचा विचार एकदा जरी आला, तरी थांबू नये. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते.

या बाईंनी पिल्लू ठेवले. उल्हासनगरच्या एका कुटुंबाने मात्र महिनाभर प्रयत्न करून आपले पिल्लू मुरबाडकडच्या नातेवाइकांना दिले. तिथे अंगण आहे आणि दिवसभर घरी असणारे आजोबा आहेत. मला त्यात काही गैर वाटले नाही. पिल्लू स्टेशनबाहेर किंवा हायवेला उपाशी सोडून देणे मात्र १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. देताना त्याचे लसीचे कार्ड, सवयीचे खाणे आणि झोपायची ती लुगड्याची घडी सोबत द्यावी. वासाची ओळख असली की नव्या घरातली पहिली रात्र त्याला आणि घरच्यांनाही थोडी सोपी जाते.