माणसांची सोबत आणि आरोग्य

निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यावर काहींना झोप लागत नाही, भूक मंदावते, अंग दुखते. तपासण्यांत मात्र काही सापडत नाही. अशा वेळी एक प्रश्न जरूर विचारावा : दिवसभरात किती जणांशी बोलणे होते?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यात १९६५ पासून नऊ वर्षे सुमारे सात हजार प्रौढांची पाहणी झाली. जोडीदार, मित्र-नातेवाईक, चर्च व इतर मंडळे यांच्याशी ज्यांचा संबंध सर्वांत कमी, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले. धूम्रपान, मद्यपान यांचा हिशेब धरूनही फरक उरलाच. हे निष्कर्ष १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले.

असे का व्हावे? मंडळात जाणारा माणूस घराबाहेर पडतो, चालतो, मन मोकळे करतो. दोन दिवस दिसला नाही, तर कोणीतरी चौकशीला येते. त्यामुळे दुखणे अंगावर काढले जात नाही. आजारी माणूसही आपोआप एकटा पडतो, हेही विसरू नये. ऐकू कमी येते म्हणून आजोबांनी भजनाला जाणे सोडले असेल, तर आधी कान तपासून घ्यावेत.

भजनी मंडळ, बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालय. जे रुचेल ते निवडावे. जिथे तंबाखू, दारू किंवा भांडणेच वाट्याला येतात, ती संगत टाळावी.

मात्र सोबत म्हणजे औषधाला पर्याय नव्हे. रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी चालूच ठेवावी. उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर डॉक्टरांना जरूर भेटावे.