कॅमेरा घेऊन देण्याआधी

पालकांची भीती निराधार नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. ३० मे २०१३ रोजी ‘शिकागो सन-टाइम्स’ने आपल्या फोटो विभागातल्या सगळ्याच्या सगळ्या २८ जणांना एका दिवसात घरी बसवलं. पुलित्झर पारितोषिक मिळवलेले जॉन एच. व्हाइटही त्यांत होते. यापुढे बातमीदारांनीच आयफोनवर फोटो काढावेत, असा व्यवस्थापनाचा हिशेब. आपल्याकडे अशी घोषणा सहसा होत नाही. निवृत्त झालेल्या छायाचित्रकाराची जागा गुपचूप रिकामी ठेवली जाते. त्यामुळे बारावीतल्या मुलीने ‘मला फोटोजर्नालिस्ट व्हायचंय’ म्हटल्यावर ‘पोटापाण्याचं काय?’ हा प्रश्न घरात येणारच, आणि तो यायलाच हवा.

दुसरा प्रश्न मात्र बहुतेक घरांत चुकतो. तो असतो, ‘कॅमेरा कोणता घ्यायचा?’ आधी विचारायला हवं ते, बातमीचा फोटो म्हणजे काय.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ‘मुंबई मिरर’चे फोटो एडिटर सबॅस्टियन डिसोझा सीएसटीसमोरच्या टाइम्सच्या इमारतीत होते. गोळीबार सुरू आहे हे कळताच ते कॅमेरे घेऊन स्थानकात गेले आणि फलाटाला लागलेल्या गाडीच्या डब्यात आडोसा घेऊन फोटो काढत राहिले. हातात रायफल घेतलेल्या दहशतवादी कसाबचा जगभर गेलेला फोटो त्यांतलाच. पुढे डिसोझा साक्षीदार म्हणून न्यायालयात उभे राहिले आणि त्यांचे फोटो पुराव्यात आले. बातमीच्या फोटोकडून नेमकी काय अपेक्षा असते, हे यावरून कळावं: उलटतपासणीतही तो टिकला पाहिजे.

अर्थात अशी रात्र अनेकांच्या वाट्याला आयुष्यात एकदाही येत नाही, आणि न आलेलीच बरी. रोजचं काम म्हणजे निकालाच्या दिवशी एकमेकींना पेढा भरवणाऱ्या मुली, पहिल्या पावसात तुंबलेला मिलन सबवे, मंत्र्यांनी कापलेली फीत. शंभरदा छापून आलेल्या या प्रसंगांत एकशे एकावा वेगळा फोटो शोधायचा, तोही दुपारी दोनच्या उन्हात, इतर दहा कॅमेऱ्यांच्या धक्काबुक्कीत. खरी कारागिरी तिथे लागते.

आणि ती शटर दाबून संपत नाही. पूर आलेल्या गावात छायाचित्रकार दोन-तीनशे फ्रेम काढतो, त्यातल्या पाच-सहा निवडतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पाठवतो आणि प्रत्येकीला फोटोओळ जोडतो. ‘पुरात अडकलेली महिला’ एवढंच लिहिलं तर डेस्कवरून फोन आलाच म्हणून समजावं: बाईंचं नाव काय? गाव करवीर तालुक्यातलं की शिरोळ? पाणी पंचगंगेचं की कृष्णेचं? फोटो आजचा की कालचा? गुडघाभर पाण्यात उभं राहून त्या बाईंना नाव विचारणं, ते नीट लिहून घेणं आणि त्याआधी त्यांच्याशी दोन शब्द बोलणं हे ज्याला जमत नाही, त्याचा फोटो कितीही देखणा असला तरी तो अर्धाच राहतो. मुलाची आवड तपासायची असेल तर त्याने काढलेल्या दहा फोटोंखाली प्रत्येकी दोन वाक्यं लिहायला सांगावीत. लेन्सच्या किमती काढण्यापेक्षा यातून जास्त समजेल.

खोटेपणाला या धंद्यात माफी नाही. २००६ मध्ये बैरूतवरच्या धुराचे लोट संगणकावर वाढवल्याचं उघड झालं, तेव्हा रॉयटर्सने अदनान हज यांचे सगळे ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले. २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेसने नार्सिसो काँत्रेरास या पुलित्झर विजेत्याशी संबंध तोडले. कारण? सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता, तो त्यांनी पुसला. उजेड थोडा कमी-जास्त केलेला चालतो, चित्रातली वस्तू हलवलेली चालत नाही. आता एआयने हवा तसा फोटो कुणीही बनवू शकत असताना ही शिस्त आणखी महाग झाली आहे. मार्च २०२४ मध्ये ब्रिटिश राजवाड्याने दिलेला युवराज्ञी केट आणि त्यांच्या मुलांचा फोटोसुद्धा बदल आढळताच मोठ्या वृत्तसंस्थांनी मागे घेतला. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेतही पुढच्या फेऱ्यांत मूळ फाइल मागून तपासतात. मोबाइल तर सगळ्यांकडेच आहे. पैसे मिळतात ते विश्वासाचे.

कुठल्या शाखेला जावं, याचं उत्तर सुदैवाने सैल आहे. छायाचित्रकार दानिश सिद्दीकी अर्थशास्त्र शिकले, मग जामियात जनसंवाद, मग टीव्हीची पत्रकारिता, आणि २०१० मध्ये रॉयटर्समध्ये शिकाऊ म्हणून लागले. २०१८ चं पुलित्झर त्यांना सहकाऱ्यांसोबत मिळालं. दुसरं, २०२२ चं, मरणोत्तर. आदल्या वर्षीच्या जुलैत अफगाणिस्तानात वार्तांकन करताना ते मारले गेले होते. हेही पालकांपासून लपवू नये. छायाचित्रकार रघू राय मुळात स्थापत्य अभियंता होते. तेव्हा आधी एखाद्या विषयाची पक्की पदवी घ्यावी, मग जामियाच्या एमसीआरसीसारख्या संस्थेतला छायाचित्रणाचा अभ्यासक्रम किंवा पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधलं पत्रकारितेचं शिक्षण, हा क्रम शहाणपणाचा वाटतो.

काम घराजवळ सुरू करता येतं. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं सर्वांत महत्त्वाचं काम मुंबईच्या सफाई कामगारांवरचं आहे. त्यासाठी व्हिसा लागत नाही, लागतो तो पुन्हा पुन्हा त्याच वस्तीत जाण्याचा चिवटपणा.

सुरुवातीची वर्षं बहुतेकांना स्ट्रिंगर म्हणून, असाइनमेंटमागे मिळणाऱ्या मानधनावर काढावी लागतात. जोडीला लग्नं, कंपन्यांचे कार्यक्रम, संस्थांचं काम. त्यात कमीपणा काही नाही, पण विमा स्वतः काढावा लागतो आणि व्हिडिओही शिकून घ्यावा लागतो. हक्कांचं भानही तेव्हापासूनच हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर वृत्तपत्राच्या पगारी छायाचित्रकाराचे फोटो मालकाला वृत्तपत्र-नियतकालिकांत छापण्यापुरते मिळतात, बाकीचे हक्क छायाचित्रकाराकडे राहतात. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचे हक्क मात्र, करार नसल्यास, पैसे देणाऱ्याचे. म्हणून पहिल्या कामाचा मेल आला की ‘सर्व हक्क’ हे शब्द त्यात कुठे दडलेत का ते आधी बघावं, आणि असतील तर आकडा त्या हिशेबाने सांगावा.