शोकाच्या काळात कोणते पुस्तक वाचावे?

जन्मलेल्याला मरण आहे, हे आपण विहारात नेहमी ऐकतो. परंतु आपल्याच घरातील माणूस गेले की ऐकलेले सारे विसरते. अशा वेळी कोणी तरी पुस्तक हाती ठेवतो. ते योग्य असेल तर आधार होतो, नसेल तर जखम चिघळते.

बँकेत मयत खातेदारांचे अर्ज आम्ही स्वीकारतो. मृत्यूचा दाखला व पासबुक घेऊन आलेली माणसे नित्य पाहतो. तरीही आमच्या हातून चूक घडली. शेजारच्या एका माउलीचा तरुण मुलगा गेला. चौथ्याच दिवशी आम्ही तिला किसा गोतमीची कथा वाचायला दिली. ती म्हणाली, "भाऊ, घरोघरी मरण आहे हे मला ठाऊक आहे. पण माझा मुलगा एकच होता ना?" आम्ही निरुत्तर झालो.

त्यानंतर आम्ही ती कथा पुन्हा वाचली. मोहरीचा प्रसंग अट्ठकथेत येतो. तेथे भगवान बुद्ध गोतमीला आधी उपदेश करीत नाहीत. जेथे कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला पाठवितात. दारोदार फिरून तिचे तिलाच उमगते. आम्ही मात्र उत्तर आधीच हाती दिले होते!

म्हणून निवड करताना वेळ व माणूस पाहावा.

१) पहिल्या दिवसांत महापरिनिब्बान सुत्तातील आनंदांचा प्रसंग वाचून दाखवावा. आनंद दाराशी उभे राहून रडतात. तथागत त्यांना बोलावून अनित्यता सांगतात आणि त्यांच्या सेवेची भिक्खूंसमोर प्रशंसाही करतात.

२) काही महिन्यांनी थेरीगाथा द्यावी. लेकीसाठी रडणारी उब्बिरी आणि सारे कुटुंब गमावलेली पटाचारा तेथे भेटतात.

३) पत्नी गमावलेल्या वाचकाला सी. एस. लुईस यांचे 'अ ग्रीफ ऑब्झर्व्हड' (१९६१) जवळचे वाटेल. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी ते टोपणनावाने छापले. श्रद्धावान ख्रिस्ती असूनही त्यांनी आपला राग व शंका लपविल्या नाहीत.

४) विद्यार्थ्यांनी एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांचे 'ऑन डेथ अँड डाइंग' (१९६९) अवश्य अभ्यासावे. मात्र त्यातील पाच अवस्था मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांतून मांडल्या आहेत. त्या फूटपट्टीने कोणाचे अश्रू मोजू नयेत.

पुढे वर्षभराने त्या माउलीने तेच पुस्तक स्वतःहून मागून नेले. पुस्तक तेच होते, वेळ बदलली होती. तोवर आम्ही तिच्याकडे अधूनमधून नुसते जाऊन बसत होतो. सभासदांनीही पुस्तक नेण्याआधी स्वतः जावे, एवढीच विनंती.