गर्दी दिसते दाराशी, अडते वॉर्डात

निवृत्त होईपर्यंत मी एका सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत सिस्टर-इन्चार्ज होते. संध्याकाळी सातनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसायची. ओपीडी दुपारीच बंद, रोजगार बुडू नये म्हणून तापाचे पेशंट काम सुटल्यावर येणार, आणि त्याच वेळी १०८च्या गाडीतून अपघाताचे पेशंट उतरणार. तक्रारी वाढल्या तेव्हा प्रशासनाने एक डॉक्टर आणि काही इंटर्न जास्त दिले. तपासणी भराभर होऊ लागली. ट्रॉल्या मात्र भरलेल्याच. कारण त्यांवरचे बरेच पेशंट तपासून झालेले होते. केसपेपरवर ‘अ‍ॅडमिट’ लिहिलेले, पण वर बेड रिकामा नाही. किंवा बेड आहे, तर ट्रॉली न्यायला मामा, म्हणजे वॉर्डबॉय, नाही.

छातीदुखीच्या पेशंटचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा. आमच्याकडे एक काका छाती धरून बाकावर ताटकळले, कारण ईसीजीच्या टेबलावर वॉर्डाची वाट पाहणारा पेशंट झोपवला होता. काका वाचले ते नशिबाने. म्हणून नव्या मंडळींना माझे सांगणे असे.

आधी वही घाला. पेशंट आला कधी, डॉक्टरांनी पाहिला कधी, भरती ठरली कधी आणि त्याने कॅज्युअल्टी सोडली कधी, या चार वेळा लिहा. सर्वांत जास्त वेळ जिथे जातो, तिथे माणूस द्या.

दाराशी जुनी, अनुभवी सिस्टर बसवा. पेशंट किती गंभीर हे पाहून लाल, पिवळा, हिरवा ठरवणे हे नजरेचे काम आहे. ते नवख्या इंटर्नवर सोपवू नका. त्या सिस्टरला इंजेक्शने आणि रजिस्टर यांतही अडकवू नका. हिरव्यांसाठी वेगळी खोली, एक डॉक्टर, एक ब्रदर. टाके, ड्रेसिंग, साधा ताप तिथूनच घरी जावा.

बेडची जबाबदारी प्रत्येक पाळीत एकाच व्यक्तीकडे द्या आणि तिच्या शब्दाला वॉर्डात मान राहील असे बघा. ज्यांना उद्या घरी सोडायचे, त्यांचे डिस्चार्ज कार्ड आणि जनआरोग्य योजनेचे कागद आजच तयार ठेवले, तर बेड दुपारच्या आत मोकळा होतो.

ड्यूटीचा तक्ता गर्दी पाहून लावा. आठ ते दोन, दोन ते आठ आणि मग रात्रपाळी, अशी पाळी असली की ऐन गर्दीत रात्री आठला चार्ज देणे-घेणे सुरू होते. दुपारी चार ते रात्री अकरा अशी एखादी मधली ड्यूटी ठेवा.

इंग्लंडच्या कॅज्युअल्टींत 2004पासून पेशंटने चार तासांत विभाग सोडावा असा नियम लागू झाला: 98 टक्के पेशंटांबाबत, पुढे 2010मध्ये 95 टक्के. त्यातली घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की डॉक्टरांनी पाहिले म्हणून या नियमाचे घड्याळ थांबत नाही. पेशंट विभागातून हलला की थांबते.

जादा पदांचा प्रस्ताव पाठवाल तेव्हा ही वही सोबत जोडा. ‘डॉक्टर कमी आहेत’ हे वाक्य फायलीत जुने झाले आहे. भरती ठरल्यावर किती तास गेले ते आकड्यांत दाखवा, आणि मामा-मावशींची रिकामी पदे पहिल्या ओळीत लिहा.